एक रुपया जास्त भरलेला थकबाकीदार

माझ्या साडूंइतका व्यवहाराला चोख माणूस मीरा-भाईंदरच्या हद्दीत दुसरा नाही, असं मी मोठ्या तळमळीनं मोबाइलवर लिहिलं, त्याखाली ते थकबाकीदार असल्याचा रिपोर्ट जोडला आणि बायकोला पाठवायचं म्हणून सबंध सासरवाडीच्या ग्रुपवर पाठवून दिलं. अशी कामं माझ्या हातून फार सफाईनं होतात. घाईघाईनं पुसायला गेलो तर ते फक्त माझ्या मोबाइलवरून पुसलं गेलं. बाकीच्यांना दिसतच राहिलं. सासूबाईंनी हात जोडले. धाकट्या मेहुण्यानं न वाचताच 'हार्दिक अभिनंदन' म्हणून गुच्छ पाठवला. आणि दहा मिनिटांनी खुद्द साडूंचं उत्तर आलं, "साडूभाऊ, पान दोन राहिलं. पाठवू का?"

बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आमच्या ताईंचे, हे यजमान. औषधांच्या गोदामात नोकरी आणि नवघरला एकाच भाड्याच्या घरात सतरा वर्षं. विजेचं बिल आलं की आपण कपाळाला हात लावतो; हे "आलं एकदाचं" म्हणत पायांत चपला घालतात. मुदतीच्या तारखेला बिल भरणं ही त्यांच्या मते उधारीच. शेअर रिक्षात बसायच्या आधी पैसे देणारा दुसरा इसम मी पाहिलेला नाही. एकदा रिक्षा स्टँडवरच बंद पडली, रिक्षावाला पैसे परत द्यायला लागला, तर हे घेईनात. म्हणाले, "असू दे रे, बसलो होतो ना पाच मिनिटं!" आमच्याकडून वाटीभर साखर नेली तर परत येताना ती शिगोशीग भरून येते. त्यामुळे महिनाअखेरीला आमची ही मुद्दाम त्यांना काहीतरी उसनं नेण्याचा आग्रह करते, असा मला संशय आहे.

शिवाय तो शकुनाचा रुपया. शून्यावर संपणारी रक्कम कुणाच्या हातावर ठेवू नये, हे त्यांना त्यांच्या आईनं शिकवलेलं. आपण लग्नाच्या पाकिटात एक रुपया वर घालतो आणि थांबतो. हे दूधवाल्याला, केबलवाल्याला, घरमालकाला, सगळ्यांना वर एक रुपया देतात. कोपऱ्यावरच्या किराणावाल्या शेठनं एकदा भर दुकानात हात जोडले होते, "भाऊ, तुमचा हा रुपिया घेऊन जा ने! संध्याकाळी माझा गल्ला मिळत नाय." साडू हसून म्हणाले, "वाढलाच ना शेठ, कमी तर नाही झाला!"

तर अशा माणसानं आयुष्यात एकच कर्ज काढलं, तेही फ्रिजसाठी. हप्ते बँकेतून आपोआप जात होते. शेवटच्या हप्त्याला मात्र साडूंच्या मनानं घेतलं, की कर्ज फेडलं तर ते आपल्या हातानं फेडलं पाहिजे. बँकेला सांगून त्यांनी ती कपात थांबवली, धुतलेला शर्ट घालून फायनान्स कंपनीच्या ऑफिसात गेले, हप्ता भरला आणि सांगता म्हणून वर एक रुपया ठेवला. काउंटरवरच्या मुलाला पेढाही दिला. मुलानं पेढा खाल्ला, पावती फाडली. पण कंपनीच्या कॉम्प्युटरला हप्त्याएवढीच रक्कम ओळखता येत होती. एक रुपयानं मोठी असलेली ही रक्कम त्यानं न जुळणाऱ्या पैशांत बाजूला टाकली आणि हप्ता आलाच नाही, असं लिहून ठेवलं. पुढे दोन वर्षं त्यावर दंड चढत गेला. कंपनीचे फोनही आले असणार. पण अनोळखी नंबर उचलायचा नाही, हे साडूंना शिकवणारा महापंडित मीच.

हे सगळं बाहेर आलं ते राहतं घर विकत घ्यायच्या वेळी. घरमालक नवघर गावातले जुने रहिवासी. मुलीच्या लग्नासाठी घर विकायला काढलं तेव्हा आधी ताईंकडे आले. "पयले तुमाला इचारतो. पन दिवालीच्या आत काय ते सांगा, माजा इलाज न्हाय." ताईंनी त्याच संध्याकाळी कपाट कुठल्या भिंतीला हलवायचं ते ठरवून टाकलं.

बँकेत साडूंबरोबर मी गेलो होतो. समोरच्या बाईंनी स्क्रीनकडे पाहिलं, मग साडूंकडे. "काका, कर्ज नाही होणार. डिफॉल्ट दाखवतंय."

"कुणाचा?"

"तुमचाच."

साडूंनी पिशवीतून ती पावती काढली. "पण मी तर एक रुपया जास्त भरलाय."

बाईंनी पावती उलटसुलट पाहिली. "हो काका. म्हणूनच झालंय ते."

मग आमची तक्रार सुरू झाली; ग्रुपवर गेला तो मजकूर तिचाच. सगळ्यांच्या कर्जांच्या नोंदी ठेवणारे ते रिपोर्टवाले म्हणायचे, कंपनीनं कळवलं तर दुरुस्त करू. कंपनी म्हणायची, आमच्या नोंदीप्रमाणे बाकी आहे. पावती आम्ही चार वेळा पाठवली आणि चारही वेळा तीस दिवस थांबायला सांगणारं एकच पत्र आलं. हेल्पलाइनवरच्या मुलीला साडू आधी "बेटा, जेवण झालं का?" विचारायचे आणि मग स्वतःच्या जेवणाची वेळ होईपर्यंत फोन कानाला धरून बसायचे. शेवटी एक मुलगी कळवळून म्हणाली, "अंकल, आप दंड के साथ एक बार फिर से भर दो ना. मैं आज ही लिख देती हूँ, खाता बंद हो जाएगा."

रक्कम फार नव्हती. मी म्हटलं, भरा. मी भरतो म्हटलं. ताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या फक्त म्हणाल्या, "भरून टाका ना हो."

साडू बराच वेळ पावतीच्या घड्या सरळ करत राहिले. मग म्हणाले, "आता भरले, तर तेव्हा भरले नव्हते असं होईल."

ताई आत गेल्या आणि कुकर लावला.

दिवाळी झाली. मालक भला माणूस, वर तीन आठवडे थांबला. मग दुसऱ्याच कुणीतरी घराचा बयाणा दिला. त्यानंतर नवव्या दिवशी कंपनीचं पत्र आलं: रक्कम सापडली, नोंद दुरुस्त केली, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. साडूंनी पत्राची रंगीत प्रिंट काढून ती लॅमिनेट केली आणि मला दाखवायला घेऊन आले. मी "वा!" म्हणालो. तेही "वा" म्हणाले. मग दोघंही पंख्याकडे बघत बसलो.

परवा त्यांचं सामान भाईंदर पश्चिमेच्या नव्या भाड्याच्या घरात हलवलं. टेम्पोवाल्याला पैसे साडूंनी फ्रिज चढवायच्या आधीच दिले. मी जिन्यात कपाटाची एक बाजू धरली होती. खरं तर कपाटानंच मला धरलं होतं. सगळं खाली उतरल्यावर साडू रिकाम्या घरात एकदा जाऊन आले. नळ बंद आहेत ना ते पाहिलं, म्हणाले.

परतताना रिक्षात बायको आणि मी दोघंच होतो. साडू बरोबर होते की चूक, हे तिला विचारावं असं बराच वेळ माझ्या मनात होतं, पण धीर झाला नाही. घर जवळ आलं तेव्हा तीच म्हणाली, "ताईनं पडदे तिथंच ठेवले. म्हणाली, त्या खिडक्यांच्या मापानं शिवलेत, दुसरीकडे नेऊन काय करू?"