उजव्या पायातला टॅप

"पाय उचला हो! उचला ना!" काकू ओरडत होत्या आणि काका आमच्या क्लिनिकच्या दारात खिळल्यासारखे उभे होते. आत यायला एकच पाऊल हवं होतं. तेच पडत नव्हतं.

मी ठाण्याला नौपाड्यात फिजिओथेरपिस्ट आहे. काका-काकू लोकलने दिव्याहून यायचे. काकांना पार्किन्सन्स होता. त्यात कधी कधी 'फ्रीझिंग' होतं. चालता माणूस दारात किंवा वळताना अचानक थबकतो. पायात ताकद असते, पण मेंदूचा हुकूम पायापर्यंत पोचत नाही. अशा वेळी ओढलं की माणूस पडतो. काका बाथरूमच्या दारातच पडले होते.

"काय जमायला हवंय, काका?" मी पहिल्याच भेटीत विचारलं होतं.

"संडासला एकटं जाता आलं पायजे. बायको धरून नेते, मग दार उघडं ठेवून उभी राहते. लाज वाटते ओ. बाकी काय नको."

अशा पेशंटला आम्ही 'क्यू' देतो, म्हणजे बाहेरून इशारा. जमिनीवर पट्ट्या चिकटवल्या. पट्ट्या संपल्या की काका थांबत. मोबाइलवर मेट्रोनोम, म्हणजे एकसारखा ठेका देणारं यंत्र, लावला, तर वैतागलेच. "बंद करा ते. ही टकटक माझी नाय."

मी ते बंद केलं. मी रविवारी टॅप डान्स शिकायला जाते. वजन उतरेल म्हणून गेले होते. ते उतरलं नाही, पण तोल सुधारला, घोटे मजबूत झाले. त्यात बुटाच्या चवड्याला आणि टाचेला धातूच्या पट्ट्या असतात, त्यांनाच टॅप म्हणतात. एका पायावर वजन पेलायचं, दुसऱ्याने वाजवायचं. आणि ती टकटक आपली स्वतःची असते!

काकांना टॅपचे बूट देऊ का, असं आमच्या क्लिनिकच्या सरांना विचारलं.

"धातूचे बूट? ह्या पेशंटला? अगं, घसरले तर?"

"पॅरलल बारमध्ये करू, सर. दोन्हीकडे धरायला दांडे, खाली प्लायवूड, मागे मी."

"पुढे मी उभा राहतो," सर म्हणाले. त्यांचा या प्रयोगावर विश्वास नव्हता, म्हणून.

काकांच्या कॅनव्हासच्या बुटांना धातूच्या पट्ट्या ठोकून आणल्या. पहिली काही सेशन्स निव्वळ गोंधळ. पाय अडकत, काका चिडत. एकदा ते मटकन खुर्चीत बसले आणि म्हणाले, "मॅडम, डाव्या बुटाचं काढा."

"का?"

"दोन्ही पाय बोलतात, मग कोणाचं ऐकू? आमच्या गावाला जाखडीत एकाच पायात चाळ बांधतात. उजव्या."

जाखडी म्हणजे कोकणातला गोलात फिरत करायचा नाच. काका तरुणपणी दर गणपतीत नाचलेले. हे ते मला इतक्या दिवसांत बोलले नव्हते, आणि मी विचारलंही नव्हतं.

डाव्या पट्ट्या काढल्या. काका उभे राहिले. काहीतरी गुणगुणले. उजवा पाय आपटला, खण्! डावा आपोआप पुढे आला. पुन्हा खण्, पुन्हा डावा. बार संपला तरी थांबले नाहीत. टोकाला जाऊन वळले, जिथे ते हमखास गोठायचे तिथेच, आणि परत आले. ते वळल्यावर पुन्हा त्यांच्या पुढे आलेले सर वाटेतून बाजूला व्हायचंच विसरले होते.

"सरा की बाजूला, डॉक्टर," काका म्हणाले.

ओल्या लादीवर धातू नको, म्हणून घरी रबरी तळव्याच्या चपलेनेच पाय आपटायचा सराव केला. मग मी दिव्याला होम व्हिजिटला गेले. काका बाथरूमच्या दारात थबकले. काकूंचा हात सवयीने पुढे झाला, तो मी धरून ठेवला. उजवा पाय फटकन आपटला. काका आत गेले. दार लागलं, आणि आतून कडी सरकल्याचा आवाज आला.

काकू पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. मलाही राहवेना.

आजार बरा झालेला नाही. गोळ्या चालू आहेत, वाईट दिवसही येतात. टॅपने सगळ्यांचंच असं होईल, असं मी म्हणणार नाही. पण आता नव्या पेशंटला रिपोर्ट मागण्याआधी विचारते, "कधी नाचलायत का?" पुरुष बहुतेक नाही म्हणतात. खरं उत्तर बायको देते.