नानासाहेबांच्या कप्प्या आणि विहिरीतली म्हैस

दिवाळीच्या सुटीत घरी लोळत पडायचा माझा बेत होता. तेवढ्यात वेल्ह्याजवळच्या खेड्यात दिलेल्या माझ्या थोरल्या बहिणीचं, ताईचं, बोलावणं आलं. घरी यंत्राचं उद्घाटन आहे आणि तू मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवतेस, तेव्हा तू हवीसच, असा निरोप होता. यंत्र मेहुण्यांचं, म्हणजे नानासाहेबांचं. हे गृहस्थ मुंबईच्या गोदीत कारकून होते. तिथल्या क्रेन बघून बघून आपणही इंजिनिअर झालो असा त्यांचा समज झाला, आणि तेवढा समज घेऊन ते गावी परतले. मी निघाले ती ताईला भेटायला.

पुण्याहून भोरला सर्व्हिस मोटार जाते. मालकाने तिची अश्वशक्ती दारावर मोठ्या अक्षरांत रंगवून घेतली आहे. कात्रजच्या घाटात ते सगळे घोडे थकले, इंजिनातून वाफ निघाली आणि पुरुषमंडळींना उतरून गाडी ढकलावी लागली. भाडं आधीच दिलेलं असल्यामुळे कुणाला काही बोलता येईना. भोरच्या दरबारातले एक वजनदार अंमलदार तेवढे आत बसून राहिले, कारण ढकलणं त्यांच्या हुद्द्याला शोभत नव्हतं. या रस्त्याने जाणाऱ्यांनी भाडं घाट चढल्यावर द्यावं, एवढा सल्ला देते.

नसरापूरला उतरायचं म्हणून मी ड्रायव्हरला दोनदा बजावलं होतं. त्याने गाडी थांबवली ती थेट कापूरहोळला. मध्ये थांबलो असतो तर इंजिन पुन्हा सुरू झालं नसतं, हे त्याने मला असं ऐकवलं की जणू चूक माझीच. तिथे काळा, पाकासारखा गोड चहा मिळतो. वरवे बुद्रुकची एक रिकामी बैलगाडी परत जात होती, तिने मी मागे आले आणि नसरापूरहून वेल्ह्याकडे दुसरी बैलगाडी केली. या वाटेवर दिवस मोडतो, खायला काही मिळत नाही, तेव्हा भाकरी बांधून घ्यावी. तोरणा सारखा समोर दिसतो आणि काही केल्या जवळ येत नाही. खाचरांत भाताची कापणी चालू होती आणि वाकलेल्यांपैकी कुणीही मान वर करून माझ्याकडे पाहिलं नाही.

ताईच्या घरी पोचले तर नानासाहेबांनी मला पाणीही पिऊ न देता विहिरीवर नेलं. विहीर डोंगरउतारावरची, कच्ची, कठडा नसलेली. वरच्या अंगाला दोन पुरुष खोल, खालच्या अंगाला जेमतेम एक. तिच्यावर तीन वाशांची तिकाटी उभी होती आणि तिला चार कप्प्यांमधून ओवलेला दोर. वाशांसाठी विहिरीजवळचं एकुलतं बाभळीचं झाड त्यांनी तोडलं होतं. चार कप्प्या लावल्या की चौथाई जोर पुरतो, हे त्यांनी मला शिकवलं. मी विचारलं, दोर किती आणलात? ते म्हणाले, विहिरीच्या खोलीएवढा, मोजून. वास्तविक जोर चौथाई लागला की दोर चौपट ओढावा लागतो. निसर्ग फुकट काही देत नाही. नानासाहेबांनी धड्याचा पहिला अर्धाच ऐकला होता. मी दुसरा अर्धा सांगू लागले, तर ते म्हणाले, "पुस्तकी बोलणं नको, उद्या प्रत्यक्ष बघा." उद्या ते एक दगड वर काढून दाखवणार होते.

दगडाची गरज पडली नाही. सकाळी वरच्या वाडीतल्या ठकूबाई धनगरणीची म्हैस चरता चरता त्या विहिरीत पडली. गाभण, दिवस भरत आलेली, आणि घरात तेवढं एकच दुभतं. छातीभर गार पाण्यात ती उभी होती आणि ठकूबाई काठावरून तिच्याशी बोलत होती. खालचा काठ खणून उतार करा, म्हैस आपल्या पायांनी वर येईल, असं तिचं म्हणणं होतं. गावातले चौघे कुदळी आणायला वळलेही. नानासाहेबांनी त्यांना थांबवलं. यंत्र असताना खणायचं म्हणजे अडाणीपणा.

दोर खालपर्यंत पुरेना, तेव्हा खालच्या कप्पीला दुसरा दोर जोडून म्हशीच्या पोटाखालून पट्टे घेतले. ओढणाऱ्यांनी ओढलं आणि म्हैस खरंच उचलली गेली. नानासाहेबांनी टाळ्या वाजवल्या. मग खालची कप्पी वरच्या कप्पीला जाऊन टेकली आणि सगळं थांबलं. म्हैस पाव विहीर वर आली होती आणि तिथे लटकत होती. परत सोडावी तर पाय बधिर झालेले, पाण्यात ती उभी राहिली नसती. दोर बांधून ठेवावा तर झाड तोडलेलं. मला इतका संताप आला की मी तिथेच नानासाहेबांना चौपट दोराचा हिशेब मोठ्याने सुनावू लागले.

ठकूबाई माझ्याजवळ आली. "बाई, ते मागनं सांगा. आदी दोर धरा."

मी पदर खोचला आणि धरला. ताईने आणि काठावर जमलेल्या गावच्या बायकांनीही धरला. पुरुष कुदळी घेऊन खालच्या काठावर गेले आणि आम्ही बायका टाचा मातीत रोवून दोराला लोंबकळलो. चौथाई झाली तरी ती म्हशीची चौथाई. हात सोलले, खांदे भरून आले, आणि म्हैस बोटभरही हलली नाही. हलू न देणं हेच तर काम होतं. नानासाहेब तिकाटीभोवती फिरत वासे तपासत होते. ताईने त्यांना हात लावायला सांगितलं, तर कुणीतरी देखरेख करायला हवी, असं उत्तर मिळालं. ताईने मान फिरवून दोर पुन्हा आवळून धरला. तिचा चेहरा मात्र मी पाहिला.

दुपार कलता कलता उतार म्हशीच्या पायांपर्यंत आला. तिला कडेला ओढून टेकवली. ती खाली बसली, आणि ती आता उठत नाही असं मला वाटलं. ठकूबाईने तिच्या कानाशी तोंड नेलं. म्हैस उठली आणि उतार चढून वर आली. "व्हय, चल, घर हितंच हाय," एवढंच ठकूबाई म्हणत होती. संध्याकाळी नानासाहेब घरासमोरच्या चावडीवर आपल्या यंत्राने म्हैस कशी वाचली ते सांगत होते. मी आतूनच ऐकलं आणि जेवून झोपले.

परतीच्या प्रवासात मोटार घाट स्वतःच्या बळावर चढली, ही नोंद करणं न्यायाचं आहे.

शाळा उघडली तेव्हा नेमका 'कार्य' हा धडा आला. बल लावलं, पण वस्तू जागची हलली नाही, तर झालेलं कार्य शून्य. मी ते फळ्यावर लिहिलं. अक्षर वाकडं आलं, खडू अजून नीट धरवत नव्हता. व्याख्या बरोबर आहे, तिच्याशी माझं भांडण नाही. पण ती लिहिताना मला पहिल्यांदाच तिचा राग आला.

पुढे काही दिवसांनी त्याच मोटारीचा ड्रायव्हर दारात उभा राहिला. त्याच्या हातात फडक्यात बांधलेला डबा होता, आत खरवस. म्हैस व्यायली होती. डबा मोटारीपर्यंत आणणाऱ्या गाडीवानाने त्याला सांगितलेला ठकूबाईचा निरोप होता की दोर धरलेल्या बायांना घरटी एकेक डबा धाडलाय, यो पुण्याच्या बाईंचा.

मी डबा घेतला आणि नानासाहेबांना काय पाठवलंय, ते त्याला मुद्दाम विचारलं.

"कायबी न्हाई," तो म्हणाला. "त्या घरात ताईसाहेबांच्या नावाचा दिला."