मर्नाने शोधलेली विनमारा

ईडन बंदरात मर्नाला ओळखत नाही असं कुणी नाही आणि तिला गप्प बसलेलं पाहिलंय असंही कुणी नाही. नवरा गेल्यावर मासळीच्या कारखान्यात डबे भरून तिने दोन मुली वाढवल्या आणि पोरी मार्गाला लागल्यावर समुद्राचा तळ बघण्याचं काम शिकून घेतलं. त्यासाठी सोनार नावाचं यंत्र लांबलचक तारेला बांधून बोटीमागे खोल पाण्यात ओढायचं. बोटीवर त्याला सगळे मासाच म्हणतात. मासा दोन्ही अंगांना आवाज सोडतो, तळावर आपटून परत आलेल्या आवाजाचं चित्र पडद्यावर उमटतं. मर्ना त्यात आधी सावली शोधते. "चित्रातल्या उजेडात दगडही बोटच वाटतो," ती म्हणते, "सावली मात्र फसवत नाही."

एका रविवारी चर्चमध्ये प्रार्थनेनंतरच्या चहाला नोरीन आजी तिच्या शेजारी बसल्या होत्या. त्यांचे वडील विनमारा नावाच्या कोळशाच्या बोटीवर भट्टीवर कामाला होते. नोरीन पाळण्यात असताना ती बोट वादळात गेली, ती कुठे गेली ते देवालाच ठाऊक. मर्नाची बोट त्याच बाजूच्या खोल पाण्यात निघाली होती. तोंडात केकचा तुकडा असतानाच ती बोलून गेली, "आजी, तुमच्या बाबांची बोट मी शोधून देते."

"आधी घास गिळ," नोरीन म्हणाल्या. "या वयात मला उगाच आशेला लावू नकोस, पोरी."

घास गिळला, पण शब्द तोंडातून सुटला होता.

समुद्रात बोटीने, शेत नांगरावं तशा, सरळ रेघा मारायच्या असतात. बरेच दिवस नुसता चिखल दिसला. मग एका सकाळी पडद्यावर लांबट ठिपका आला, मागे ऐसपैस सावली. मर्नाने संगणकाच्या नकाशावर खूण केली. सगळी बोट खूश झाली, आचाऱ्याने जेवणानंतर गोड केलं. पण वळून त्या खुणेवरून मासा नेला, तर तिथे चिखलाखेरीज काही नाही.

"मर्नाला भूत दिसलं," तारेच्या चाकावरचा क्लाइव्ह म्हणाला.

"भुताला सावली नसते रे," मर्ना म्हणाली, पण आवाजात दम नव्हता.

कप्तान हेडलीने आभाळाकडे पाहिलं. "वारा उठतोय. एवढी तार मागे घेऊन वळायलाच अर्धा दिवस जातो. अजून एकच रेघ मिळेल, मग घरी. कुठे मारायची ते तू सांग."

मर्ना चहा घेऊन बसली. मनात प्रार्थना म्हटली, म्हणताना डोळे मिटले, आणि मिटल्या डोळ्यांना क्लाइव्ह दिसला, चाक फिरवणारा. तिने डोळे उघडले.

"क्लाइव्ह, त्या सकाळी मध्येच तळाचा उंचवटा आला होता. तू तार आत घेतलीस?"

"घेतली. बरीच. नाहीतर मासा फुटला असता. तुला ओरडून सांगितलं होतं."

"हो, मी ऐकलं, आणि संगणकाला सांगायचं विसरले," मर्ना म्हणाली. "तो समजला मासा अजून तितकाच मागे आहे. खूण फार मागे पडली. बुडालेली बोट त्या खुणेच्या पुढे आहे."

"म्हणजे काखेत कळसा," हेडली म्हणाला. "चल, मार रेघ. आणि क्लाइव्ह, तू भुताची माफी माग."

नव्या रेघेवर दुपारी विनमारा आली. सरळ बसलेली, डोलकाठी मोडलेली, पण धुराड्याची सावली चिखलावर स्वच्छ पडलेली. जुन्या फोटोशी ताडून पाहिली, धुराडं तेच. मर्ना खुर्चीतून उठली आणि क्लाइव्हच्या गालाचा मुका घेतला. तो बिचारा लालेलाल.

चित्र छापून ती नोरीन आजींकडे गेली. आजींनी चष्मा पुसला, बराच वेळ पाहिलं.

"तोंड कुठल्या बाजूला आहे?"

"आपल्या बंदराकडे. पण आजी, बुडताना बोट गिरक्या घेते. त्यावरून काही सांगता येत नाही."

"कळतं गं मला. मी फक्त विचारलं."

पुढच्या रविवारी समुद्रात हरवलेल्यांची नावं वाचायची होती. दरवर्षीप्रमाणे पाद्रीबाबा नोरीन आजींच्या वडिलांच्या नावापाशी आले, तेव्हा आजी काठी टेकून उभ्या राहिल्या.

"ते नाव आता या यादीत नको," त्या म्हणाल्या. "माझे बाबा गेले आहेत, हरवलेले नाहीत. कुठे आहेत ते मर्नाला विचारा."

आणि सगळं चर्च मर्नाकडे वळलं. मर्नाला त्या दिवशी पहिल्यांदा काही बोलता आलं नाही.