खिडकीतून दिसणारा धूर

जनाआते गेल्याचा फोन आला तेव्हा मी डोळखांबच्या पुढच्या एका पाड्यावर दुसऱ्याच कुणाच्या घराच्या जोत्याचा फोटो काढत होते. सरकारी घरकुलांच्या कामावर मी कंत्राटी आहे. जोतं झालं की फोटो, भिंती चढल्या की फोटो, स्लॅब पडला की फोटो. घरमालकीण पदर सारखा करून जोत्यावर उभी होती, मी मोबाइल तिच्यासमोर धरला होता आणि पडद्यावर नेमकं तिच्या चेहऱ्याच्या जागी दादाचं नाव आलं. “आते गेली. ये,” एवढंच तो बोलला. बाई अजून तशीच ताठ उभी होती. मी फोटो काढला. “झाला का, म्याडम?” तिनं विचारलं. झाला म्हटलं. मग तिनं माझ्याकडं नीट पाहिलं आणि पाणी आणायला आत गेली. आत म्हणजे मागच्या कुडाच्या घरात. नव्या घराला अजून आत नव्हतंच…

आते म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, तशी ती माहेरी परत आली. वडिलांनी आमच्या घराशेजारी तिला कारवीच्या काठ्यांचा कूड उभा करून दिला, वर कौलं घातली. शेणमातीचं लिंपण तिनं स्वतः केलं आणि पुढं दरवर्षी करत राहिली. आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी, आणि ती आतेच्या चुलीवर शिजलेली आहे असं मी कुणालाही सांगते. मुरबाडला कॉलेजात होते त्या वर्षांत सकाळच्या एसटीच्या आधी माझा डबा तिच्याकडं तयार व्हायचा. माझ्या ओढणीला धुराचा वास यायचा, वर्गातल्या मुली नाक मुरडायच्या. मुरडू देत. पदवी मिळाली तेव्हा आतेनं ती हातात घेऊन उलटसुलट केली, बोटानं चाचपली आणि म्हणाली, “कागूद जाड हाय. टिकंल.”

तिच्या त्या घरात चुलीच्या वर, कौलांच्या खाली, बांबूचा माळा होता. नाचणीच्या कणसांच्या जुड्या, वालाच्या बियाण्याची मडकी, सगळं त्या माळ्यावर. काकडीचं बी ती शेणात मळून चुलीमागच्या भिंतीला गोवरीसारखं थापायची. रोजचा धूर त्या सगळ्याला लागायचा आणि कीड दूर राहायची. चाळीत वरच्या मजल्यावर भाडेकरू असतात तसं बी तिच्या डोक्यावर राहत होतं. पण तोच धूर ती स्वतः आयुष्यभर ओढत होती. घराला खिडकी नव्हती. खोकला आधी हिवाळ्यात यायचा, मग बारा महिने राहिला, मग विहिरीवरून घरी येताना ती दोनदा थांबायला लागली. शहापूरच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून विचारलं, “आजी, बिडी ओढता का?” आते म्हणाली, “बिडी नाय रे बाबा. चूल ओढते.” डॉक्टर हसले नाहीत. मला बाजूला घेऊन म्हणाले, औषध देतो, पण धुरातून बाहेर काढा यांना, नाहीतर औषधाचा काही उपयोग नाही.

म्हणून तिच्या नावाच्या घरकुलाच्या मागं मी लागले. पक्कं छप्पर, हवा, उजेड, कोरडी जमीन, संडास, पाणी. माणसाच्या घराला कमीत कमी एवढं हवं. हे निकष मला झोपेतून उठवलं तरी पाठ आहेत, आणि त्यांना कुणी नावं ठेवली तर मी भांडते. शहरातून रविवारी येऊन कुडाच्या भिंतीला हात लावून “किती गारवा आहे ना” म्हणणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांनी एक श्रावण तिथं काढावा. भिंतीचा खालचा हात-दीड हात ओल पिऊन फुगतो, कोपऱ्यात विंचू निघतो, आणि म्हाताऱ्या माणसाला गुडघे धरत पावसात शेतात जावं लागतं. आतेला ते माहीत होतं. नवीन घर झालं तेव्हा ती खूश होती, उगाच खोटं कशाला सांगू. फरशीवरून पाय फिरवून बघितला. बटण दाबून दिवा लावला, बंद केला, परत लावला. खिडकीला हात लावून म्हणाली, “ही आपलीच ना गो?” फक्त ओटी नाही म्हणून कुरकुरली. “दार उघडलं का माणूस डायरेक घरात. आलेल्यानं बसायचं कुठं? माझ्या डोक्यावर?” दादानं दारापुढं बाज टाकून दिली, ते भांडण मिटलं.

शेगडी आली, सिलिंडर आला, जुनी चूल थंड झाली. खोकलाही खरंच कमी झाला. आणि त्या वर्षी आम्ही सगळ्यांनी मिळून एक गोष्ट केली, जी तेव्हा कुणालाच चुकीची वाटली नाही. नवीन घरात पंखा अजून बसवला नव्हता, छताला हूक मोकळा होता. आतेच्या सांगण्यावरून आम्ही नाचणीच्या जुड्या त्या हुकाला टांगल्या. मडकी पांढऱ्या भिंतीशी ओळीनं ठेवली. “आता बीपन पक्क्या घरात,” असं ती आल्यागेल्याला सांगायची. मृगाच्या तोंडावर पेरणीसाठी मडकं पुढं ओढलं, वर बांधलेलं फडकं सोडलं, तर वालाच्या दाण्यांत भोकं आणि तळाला पीठ. जुडी हातात घेतली की नाचणी भुश्यासारखी गळत होती. आते त्या दिवशी बाजेवर बसून राहिली, जेवली नाही. संध्याकाळी मला म्हणाली, “हे घर माणसाला बरं हाय. बियाला नाय.”

मी म्हटलं, बी दुकानात मिळतं. “मिळतं की. नवरापन मिळतो दुसरा,” ती म्हणाली, “मी केला का?” ती नाचणी तिच्या आईच्या हातची होती, आमच्या वरकस, मुरमाड जमिनीच्या उतारावर उभी राहणारी, बुटकी, लाल. आमच्याकडं ती संपली होती. आतेनं तीन घरं फिरून एका चुलत भावाकडून मूठभर मिळवली, लावली, वाढवली, आणि सुगीनंतर जुड्या घेऊन सरळ जुन्या घरात गेली. चूल पेटली. खोकला परत आला.

मग आमची भांडणं. मी दादाला सांगून चुलीमागच्या कुडाला वर भोक पाडून घेतलं, धूर बाहेर जावा म्हणून. दुसऱ्या दिवशी भोकात गोणपाट कोंबलेलं. “धूर गेला तर राहिलं काय?” आते म्हणाली. “बी काय आता फोटो काढून टिकवणार का, म्याडम?” मी चिडून म्हटलं, तुझा जीव मोठा की मूठभर नाचणी? ती बराच वेळ श्वास गोळा करत होती. मग म्हणाली, “जीव जायचाच हाय गो. नाचणी जायची काय गरज?” तिचं म्हणणं खोटं नव्हतं. पण मी चूक होते असंही मला वाटत नाही. तिच्या छातीला धूर चालत नव्हता आणि बियाला त्याच्याशिवाय चालत नव्हतं. दोघांना पुरेल असं घर माझ्या नकाशात नव्हतं, तिच्या कुडातही नव्हतं.

शेवटी तोडगा निघाला तो थकूनच. चूल पेटवायची आमच्यापैकी कुणीतरी, आतेनं तिकडं पाऊल टाकायचं नाही. तिनं अट घातली, खिडकीशी बसून बघणार. नव्या घराच्या खिडकीतून जुन्या घराची कौलं बरोबर समोर दिसायची. संध्याकाळी आई नाहीतर वहिनी चूल पेटवायची, धूर कौलांच्या फटींतून वर यायचा आणि आते खिडकीच्या गजांना धरून हुकूम सोडायची. “बारीक झाला! वली काटकी टाक!” शेवटच्या दिवसांत एकदा मीच पेटवायला गेले होते. डोळे पुसत बाहेर आले तर खिडकीतून म्हणाली, “बरा केलास. शिकलेल्या मानसाच्या मानानं बरा.” तिचा दम्याचा पंप तिच्या कमरेला खोचलेला होता. हसताना दम लागून तिला तो काढावा लागला…

शिमग्यानंतर ती गेली. नव्या घरात, पंख्याखाली, कोरड्या फरशीवर. निकषांप्रमाणे सगळं होतं. आमच्याकडं मयत झालं की घरात चूल पेटत नाही, भावकी जेवण आणून देते. त्यामुळं तिची चूलही थंड पडली. आलेली माणसं बाजेवर बसत होती, उठत होती, आणि तिच्या माळ्याची कुणाला आठवण नव्हती. एका दुपारी आई बोलता बोलता थांबली आणि कौलांकडं बघायला लागली. “दोन-तीन दिस झालं, धूर नाय.” भावकीतल्या म्हाताऱ्या काकी म्हणाल्या, “सुतकात चूल कशी पेटवशील गो?” आई उठली. “चूल नाय पेटवत. रांधायला मनाई हाय, धुराला कोन मना करतंय? जनाला इचारलं तरी ती हेच बोलली असती.” तिनं फुटक्या घमेल्यात दोन गोवऱ्या आणि भाताचं तूस घातलं, निखारा टाकला आणि घमेलं माळ्याखाली नेऊन ठेवलं. थोड्या वेळानं काकीच आत जाऊन तूस सारखं करून आल्या.

आता दादा म्हणतो, जुनं घर पाडू, गाडीला शेड होईल. भिंत एका बाजूला कलली आहे, खरं आहे. मी स्वतः कुठं तपासणीला गेले असते तर राहण्यास अयोग्य असाच शेरा मारला असता. राहतं कोण आहे पण तिथं… मृगापर्यंत थांब, एवढंच मी त्याला सांगितलं आहे. पुढचं मलाही माहीत नाही. कामावरून आले की पाय ओढत जाते, घमेलं भरते आणि पळत बाहेर येते, कारण तिथं उभं राहवत नाही. किती वर्षं उभी राहिली असेल ती. मग नव्या घरात येऊन खिडकीशी बसते. गजांवर तिच्या हातांचा तेलकट डाग आहे, तो वहिनीनं पुसलेला नाही. समोर कौलांतून धूर निघतो. आज मला तो बारीक वाटला. मी उठले, आणि एक वली काटकी घेऊन परत गेले.