सोळा पानं, टोळी हलायच्या आत

पत्रकं लिहिणाऱ्या माणसाला कोरी जागा दिसली की राग येतो. चळवळीत मी तेच शिकलो: समासापर्यंत मजकूर, तळाला मागण्या, शेवटी झिंदाबाद. त्याच हातानं मी लहान मुलांचं चित्रपुस्तक लिहिलं. आईबापांबरोबर ऊसतोडीला जाणाऱ्या मुलीची गोष्ट. जामखेडकडच्या टोळ्या दसऱ्यानंतर हलतात. त्याआधी पुस्तक तिथल्या पोरांच्या हातात पडलंच पाहिजे, एवढा एकच हट्ट. गोष्टींमधली मुलं सुट्टीत मामाच्या गावाला जातात. कारखान्याच्या तळावर कोपीत, पाचटाच्या खोपटात राहणारं पोर एकाही पुस्तकात नाही. का नाही?

चित्रं काढणार होती भिंगारची आपा. दुकानांच्या पाट्या रंगवून तिचा हात बसलेला. तिनं माझा मजकूर पाहिला.

"अरे, चित्र कुठं काढू? तुझ्या वेलांट्यांवर बसवू?"

"कडेला जागा आहे की."

"तिथं मुंगी बसेल. आणि शेवटच्या पानावर या सहा मागण्या? पोरं निवेदन घेऊन कलेक्टरकडं जाणार आहेत का?"

मी भांडलो. मागण्या रास्त होत्या, आजही आहेत. तिनं शांतपणे कागदाला घड्या घालून सोळा पानांची कच्ची वही केली आणि मला पानाला दोन ओळी दिल्या. नागापूरच्या छापखानेवाल्यानं बजावलंच होतं: सोमवारी पानं द्या, नाहीतर मशीन कॅलेंडरांना लागेल, मग दिवाळीनंतर बघू. मी कापत सुटलो. 'शोषण' गेलं, 'व्यवस्था' गेली, मागण्याही गेल्या.

शनिवारी ती वही घेऊन आम्ही जामखेडजवळच्या एका वस्तीवर गेलो. ओट्यावर पोरं जमली. मी वाचत होतो, आपा चित्रं दाखवत होती. नऊएक वर्षांच्या एका मुलीनं मधेच पानावर बोट ठेवलं.

"ही कोपी न्हाई."

"मग काय आहे?"

"देवळावानी दिसतंय. कोपीत वाकून शिरावं लागतं. आन् दादा, ही पोरगी सारखी रडतीया का? आमी लई खेळतो की तिथं. पाचटाच्या ढिगावरनं घसरतो, आई वरडंस्तवर."

आपाला हसू आवरेना. खरं तर दोघंही सापडलो होतो. तिनं कोपी कधी पाहिलीच नव्हती. आणि मी पाहून आलो होतो, पण नुसता अन्याय मोजत. मुलीनं काडीनं मातीत कोपी काढून दाखवली: वाकवलेले बांबू, वर पाचट, त्यावर फाटकी ताडपत्री.

रविवारभर आपानं तीन पानं नव्यानं रंगवली. मी रडणं काढून घसरणं घातलं. एक राग मात्र सोडला नाही. शाळा भरते आणि तिच्यासमोरून टोळीचा ट्रॅक्टर निघतो, ते पान. तिथं मी एकही शब्द लिहिला नाही. आपा म्हणाली, "आता जमायला लागलं तुला."

छापलेली पुस्तकं घेऊन आम्ही वस्तीवर पोचलो तेव्हा ट्रॉल्या भरत होत्या. पेट्या, कोंबड्या, सरपण. पोरांनी गठ्ठाच फोडला. त्या मुलीची आई ट्रॉलीतूनच म्हणाली, "आजून दोन द्या. तिकडं दुसऱ्या टोळ्यांची पोरं असत्यात."

चार दिली. मग पोरांनी ओरडून विचारलं, "चित्रं कुणी काढली?" आणि सगळा घोळका आपाभोवती.

लिहिलं कुणी, हे एकानंही विचारलं नाही. जाहीर निषेध!