पायरी तुटली आहे, सांभाळून

किस्से मुद्दाम जमवावे लागतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा आमच्या मंडळात येऊन बसावं. एक दिवस भांडी घासायची राहिली की दुसऱ्या दिवशी सिंकमध्ये ढीग लागतो ना, तसे आमच्याकडे किस्से साठतात. आणि घासायला मीच!

मी संगीता. ग्वाल्हेरात, लष्कर भागातल्या एका लॅबमध्ये एक्स-रे काढते. दिवसभर "श्वास रोखा... सोडा" एवढंच बोलते. संध्याकाळी सहा ते साडेसात आमचं 'निवांत मंडळ' कॉम्प्युटरवर एक गेम खेळतं. ठोकळ्यांचं जग असतं. दगड फोडा, लाकूड तोडा, घर बांधा, गहू पेरा. कोणाला मारायचं नाही, कोणाला हरवायचं नाही. कानाला हेडफोन लावून गप्पा मारत आपापलं काम करायचं.

आम्ही मोजून चार माणसं. एक मी. दुसऱ्या वैद्यबाई, रिटायर्ड हेडमिस्ट्रेस, खासगी बाजारात राहतात. तिसरा निखिल, दौलतगंजात मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, वाक्य मराठीत सुरू करतो आणि हिंदीत संपवतो. चौथे मोहिते काका, किला गेटचे. त्यांच्याबद्दल पुढे.

हे जग इंटरनेटवर उघडं आहे. कोणीही येऊन बघू शकतं आणि कोणीही येऊन तोडू शकतं. म्हणून मी ठराव मांडला, पासवर्ड लावू या. तीन विरुद्ध एक मतांनी पडला! वैद्यबाई म्हणाल्या, "आल्यागेल्याला दार लावायचं, हे आपल्यात बसत नाही, संगीता."

आता ऐका, दार न लावल्यावर काय काय होतं ते.

*

पहिल्यांदा दोघे जण आले आणि त्यांनी निखिलचं गव्हाचं शेत पेटवलं.

निखिल ओरडला, "ताई, आग लागलीये, ये लोग सब जला देंगे!"

मी विहिरीकडे पळाले. काका बादली शोधायला लागले. वैद्यबाई मात्र त्या दोघांसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि शांतपणे टाईप केलं, "आप किसके यहाँ आए हैं?"

मग बाईंनी आपल्या पेटीतले दहा पाव काढून त्यांच्या पायाशी ठेवले. घरी आलेल्याच्या हातावर काहीतरी ठेवायचं, ही बाईंची सवय. मग तो घरी चहाला आलेला असो, नाही तर शेत जाळायला!

या गेममध्ये पाव खाल्ला की अंगात ताकद भरते. त्यांची ताकद स्वतःच लावलेल्या आगीत होरपळून संपत आलेली. दोघांनी पाचपाच पाव खाल्ले, टवटवीत झाले आणि जाऊन दुसरं शेत पेटवलं.

मी कपाळाला हात लावला. बाई म्हणाल्या, "भुकेले होते गं बिचारे."

*

आमच्या मंडळाला घटना आहे. वैद्यबाईंनी लिहिली आहे. त्यात एक कलम असं, की हल्ला झाला तर एकट्यानं काही करायचं नाही. आधी सभा, मग मतदान, मग कृती. कोणाला बंदी घालायचं बटण माझ्याकडे आहे, पण बहुमताशिवाय ते दाबायचं नाही.

तर एकदा तिघे जण कुदळी घेऊन आले. बाईंनी लगेच सभा बोलावली! सभागृहात आम्ही चौघं गोल बसलो. मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून झालं. निखिलनं त्यात दुरुस्ती सुचवली. बाहेरून खटखट, खटखट.

"काका, छत जातंय," मी म्हटलं.

"विषय पत्रिकेवर आहे ना? येईल आपला नंबर," काका म्हणाले. पन्नास वर्षं मराठी मंडळांच्या सभांना बसलेला माणूस. त्यांना घाई कशाची असते?

पस्तीस मिनिटांनी ठराव एकमतानं मंजूर झाला, की आलेल्यांना "कृपया तोडू नये" अशी विनंती करावी. विनंती करायला उठलो तर आजूबाजूला भिंतच नव्हती. नुसत्या चार खुर्च्या होत्या, त्यावर आम्ही. हल्लेखोर कंटाळून कधीच निघून गेले होते.

बाईंनी इतिवृत्तात लिहिलं, "सभा उघड्यावर संपन्न झाली."

*

यानंतर माझं डोकं फिरलं. अहो, आम्हा ग्वाल्हेरच्या मराठी लोकांना दुसरं काही सांगता येत नाही, पण "आमचे पूर्वज दख्खनेतून घोड्यावर बसून तलवार घेऊन आले" हे लग्नात, बारशात, दाताच्या डॉक्टरकडेसुद्धा सांगतो. आणि त्यांच्या वंशजांच्या गेममधल्या गावात एक लाकडी तलवार ठेवायची चोरी!

मी गुपचूप लोखंडाची तलवार बनवली. चुलीमागे लपवली.

आठ दिवसांत पाच जणांची टोळी आली, आल्या आल्या आग लावली. मी तलवार उपसली आणि धुरात घुसले. काही दिसेना. जो समोर दिसेल त्याला दणका! दोन मिनिटांनी धूर ओसरला. टोळी पळून गेली होती. त्यांच्यातल्या एकालाही खरचटलं नव्हतं.

त्या सगळ्या लढाईत एकच माणूस पडला. मोहिते काका. माझ्याच हातानं.

मला आठवडाभर मेंढ्या राखायची शिक्षा झाली. ठराव काकांनीच मांडला होता. "तुझा हात चांगला आहे, पोरी," असं वर म्हणाले.

*

आता काकांबद्दल. काका पी.टी.चे मास्तर होते. रोज सकाळी किला गेटमधून चढून किल्ल्यावर जायचे, चाळीस वर्षं, थंडीच्या धुक्यातसुद्धा. मग एक झटका आला आणि डावी बाजू गेली. पाय थोडा परत आला, हात नाही. डॉक्टरांनी चढाव बंद केला. घराच्या खिडकीतून गेट दिसतं आणि काका दिवसभर तिथे बसून वर जाणाऱ्यांना बघायचे. सून म्हणायची, "बाबा बोलतच नाहीत हो."

निखिलनं त्यांना गेमवर आणलं. आल्याबरोबर त्यांनी विचारलं, "इथे चढाव बांधता येतो का?"

गेली सव्वा वर्षं ते गेममध्ये किल्ल्याचा चढाव बांधताहेत. एका हातानं! प्रत्येक वळण आठवणीतून. त्यांना एकच गोष्ट हवी आहे. त्या चढावानं एकदा तळापासून माथ्यापर्यंत स्वतः जायचं, कोणाचा हात न धरता.

पण अडचण अशी, की गेममध्ये एक पूर्ण ठोकळा चढायला उडी मारावी लागते. उडी मारायची म्हणजे दोन बटणं एकदम. काकांना एका हातानं ते जमत नाही. म्हणून आमच्या गावात कुठेच पूर्ण पायरी नाही, सगळीकडे अर्ध्या उंचीची फरशी. फरशीवरून नुसतं चालत वर जाता येतं. आणि चढावाला शेकडो फरशा लागतात.

माझ्या घराचं छतसुद्धा फरशांचंच आहे. लाल दगडाच्या. गावात लाल दगड फक्त माझ्याकडे, तीन महिने खाणीत उतरून काढलाय. काकांनी एकदा मागितल्या होत्या त्या फरशा. मी म्हटलं, "काका, जीव मागा, छत मागू नका."

*

मग आला तबाही भाई. हेच नाव लिहून फिरायचा. बाकीचे एकदा तोडून जायचे, हा रोज यायचा. पावणेसातला, नळाला पाणी येतं तसा.

वैद्यबाईंकडे अशा लोकांसाठी एक हुकमी प्रश्न होता. हल्लेखोर दिसला की त्या टाईप करायच्या, "बेटा, परीक्षा कब है?" खोटं सांगत नाही, तोपर्यंत तीन जण या प्रश्नावर एका सेकंदात गायब झाले होते आणि पुन्हा फिरकले नव्हते!

तबाही भाईलाही त्यांनी तेच विचारलं.

उत्तर आलं, "मैडम, परीक्षा मैं लेता हूँ। टीचर हूँ। मैथ्स।"

आम्ही गार! दुसऱ्यांची घरं फोडणारा हा बेटा चांगला नोकरदार निघाला.

बाईंनी विचारलं, "कौन सी क्लास?"

"नाइन्थ। चार सेक्शन।"

बाई हेडफोनवर "चार!" असं पुटपुटल्या. मग लिहिलं, "तो फिर तोड़ लो, बेटा।"

"बाई!" मी किंचाळले.

"तुला नाही कळायचं," बाई म्हणाल्या, "मी पण नववीला शिकवलंय."

*

आणि तो तोडत राहिला! त्यातही काय तोडायचा? काकांच्या चढावाची एकच फरशी. रोज वेगळ्या जागची. काका चालत चालत तिथवर यायचे आणि थांबायचे. खड्डा एका ठोकळ्याचाच, कोणीही उडी मारून गेलं असतं.

तबाही भाई वरून लिहायचा, "जंप मारो ना अंकल! हाहाहा!"

काका एका बोटानं उत्तर द्यायचे, "कूदना नहीं आता, बेटा। एक हाथ है।"

त्यानंतर तो काही लिहायचा नाही. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा एक फरशी गायब! माझे दात नुसते करकर वाजायचे.

काका काय करायचे, सांगू? तुटलेल्या जागी लाकडाची पाटी ठोकायचे, "यहाँ सीढ़ी टूटी है। सँभल के।" मग नवी फरशी बसवायचे आणि पाटी काढून पुढच्यासाठी जपून ठेवायचे.

"अहो, पण इथे येतंय कोण?" मी विचारलं. "आपण चौघं आणि तो. ज्यानं तोडली त्यालाच सांभाळून ये म्हणताय?"

"रस्ता तुटला की पाटी लावायची असते, संगीता. कोणी तोडला ते पाटीवर लिहीत नाहीत."

अशा माणसांबरोबर राहायचं म्हणजे माझ्या संयमाचीच परीक्षा! ती कब है, ते मात्र कोणी विचारत नाही.

*

शेवटी चढाव पूर्ण झाला. ठरलं, की रविवारी सकाळी नऊला, बेडई म्हणजे आमच्याकडची डाळीची पुरी आणि जलेबी खाऊन, काकांनी चढायचं. पुढे काका, मागे आम्ही. काकांच्या सुनेनं नातेवाइकांना फोन केले. काकांनी आदल्या दिवशी दाढी केली. कॉम्प्युटरवर किल्ला चढायला दाढी!

आणि शनिवारी संध्याकाळी तबाही भाईनं सुरुंग लावला. या वेळी एक फरशी नाही, वरचं आख्खं वळण उडालं. चाळीसेक फरशांचा खड्डा. नंतर तो काही न लिहिता निघून गेला.

कोणाकडे एकही फरशी शिल्लक नव्हती. दगड फोडून, भट्टीत भाजून, कापून चाळीस फरशा म्हणजे चार दिवसांचं काम. हेडफोनवर काकांचा श्वास ऐकू येत होता.

मी म्हटलं, "बस झालं. मी बटण दाबतेय. मतदान घ्या नाही तर घटना जाळा!"

निखिलचा हात वर. बाईंचासुद्धा! म्हणजे बहुमत. आयुष्यात पहिल्यांदा माझा ठराव पास होत होता.

"उद्या दाब," काका म्हणाले. "उद्या चढायला जाऊ. जिथवर रस्ता आहे तिथवर जाऊ. मग घाल बंदी." त्यांनी खड्ड्यापाशी पाटी ठोकली आणि कॉम्प्युटर बंद केला.

खरं सांगते, मी रडले. रागानं रडले.

रविवारी नऊला आम्ही तळाशी जमलो. निखिल बेडई चावत होता, ते हेडफोनवर ऐकू येत होतं. काका निघाले. एक वळण, दुसरं, तिसरं. हळूहळू, भिंतीच्या कडेकडेनं, रोज जायचे तसे. खड्डा जवळ आला तशी मी पडद्यावरून नजर काढली.

"अरे ये क्या!" निखिल म्हणाला.

मी बघितलं. खड्डा नव्हता. वळण पूर्ण होतं. अर्ध्या अर्ध्या फरशा, एकीला एक लागून, दोनतीन तिरक्या बसलेल्या, पण एकही पूर्ण ठोकळा नाही. काकांची पाटी बाजूला सरकवलेली. तिच्यावर खाली नवी ओळ होती, "अंकल, कूदना नहीं पड़ेगा।"

काकांनी ती वाचली की नाही, पता नाही. ते थांबलेच नाहीत. चालत गेले, चालत गेले, आणि माथ्यावर जाऊन उभे राहिले. हेडफोनवर त्यांच्या घरात कोणीतरी हुंदके देत होतं. बहुतेक सून.

मग काका म्हणाले, "संगीता, बंदीचं राहू दे."

"राहू दे तर राहू दे," मी म्हटलं. पडदा पुसून मी पुन्हा त्या वळणाकडे बघितलं. सकाळच्या उन्हात सगळ्या फरशा कशा छान दिसत होत्या.

लाल!

मी चढाव उतरून पळत घरी गेले. चार भिंती जागच्या जागी होत्या. वर आकाश होतं. दाराला एक नवीकोरी पाटी ठोकलेली होती.

"यहाँ छत थी। सँभल के।"