दादाने झाकलेली तूट

दादा गेल्याला चार महिने झाले. त्याच्याकडे शिकलेल्या लोकांची पत्रे अजून येतात. वजनात फरक आला तर तो लपवू नये, हे त्याने शिकवल्याचे बहुतेकजण लिहितात. तो स्वतः हे कसा शिकला, ते त्यांना ठाऊक नसावे. म्हणून लिहिते आहे.

आमचे वडील अकोल्याच्या कापूसबाजारात मापारी होते. सकाळी दवाने ओलसर असलेला कापूस दुपारी जिनिंगमध्ये पुन्हा तोलला की थोडा कमी भरे, आणि लोक मापाऱ्याकडे पाहत. फरक किरकोळ असला तर बाबा दुसरा आकडा पहिल्याशी जुळवून टाकत. त्यात कुणाला लुबाडणे नव्हते, भांडण टळे. पण तूट म्हणजे लाज, हे आम्हा बहीणभावांच्या अंगात मुरले.

साठ सालाच्या पुढेमागे दादा अमरावतीच्या कॉलेजातून रसायनशास्त्रात पहिला आला आणि मुंबईला अणुविज्ञानाच्या प्रशिक्षणासाठी निवडला गेला. मी तेव्हा अमरावतीलाच शिकत होते. दिवाळीला मी घरी आले. दोन दिवसांनी तोही आला, पेटी आणि वळकटी घेऊन.

"पेटी काहून आणली रे?" बाबांनी विचारले. "सुट्टी त आठच रोजाची हाये न?"

त्याने खाली बघत सांगितले. युरेनियमची पिवळी भुकटी तोलायची, आम्लात विरघळवायची, पुन्हा भुकटी करून तोलायची, असा पाठ होता. त्याची भुकटी किंचित कमी भरली. थोडी गाळणकागदाला चिकटली असेल, थोडी भांड्याला. त्याने पहिलाच आकडा पुन्हा लिहिला. शिक्षकांनी वही पाहिली आणि म्हणाले, इतके तंतोतंत कधी जुळत नसते. सुट्टीत विचार करा, खरे काय झाले ते लिहून आणा, नाहीतर येऊ नका.

"जुळलं म्हणून जुळलं, असंच लिव्ह," बाबा म्हणाले. "कोणी पाहून राह्यलं होतं काय?"

"कोणीच नाई."

"मंग?"

"बाबा, दर वेळची तूट लिहून ठेवली, तरच उद्या कोणी चिमूटभर उचललं त समजते. मी माही झाकली, त चोराचीबी झाकली जाते. अन् त्या मालाचा बॉम्ब होते."

बाबा अडकित्त्याने सुपारी कातरत होते. हात थांबला.

"म्हणजे मी इतके वर्स चोराचं काम सोपं करून राह्यलो?"

"तुमचं नाई म्हणत मी. कापसाचा कोणी बॉम्ब करते काय?"

"वा रे वा! पोराले मुंबईले शिकाले धाडलं, अन् तो बापाचंच करून आला!"

मला हसू आले. दादाला आले नाही. तो हळूच म्हणाला, "खरं लिहिलं त खोटा आकडा टाकला म्हणून काढतीन. नाई लिहिलं तरी काढतीन. म्हणून पेटी घेऊनच आलो."

बाबांनी अडकित्ता मिटून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "दोन्हीकडून काढतच असतीन, त खरं लिहून निघ बापा. तितकंच तुह्या हाती हाये."

दादाने दोन दिवस कागद फाडले. शेवटी चार ओळी राहिल्या. कमी भरलेला आकडा त्यांत होता, आणि तो का बदलला तेही होते. सबब एकही नव्हती. मला वाचायला दिले तेव्हा त्याचे कान लाल झाले होते.

सुट्टी संपल्यावर तो पेटी घेऊन मुंबईला गेला. पंधरा दिवस घरात कुणी त्याचा विषय काढला नाही. मी मात्र काहीतरी निमित्त काढून दर शनिवारी अमरावतीहून घरी येत होते. अशाच एका शनिवारी कार्ड आले. बाबांना चाळिशी सापडेना, म्हणून मी वाचले. त्याला ठेवून घेतले होते. सगळा पाठ पहिल्यापासून करायला लावला होता. या वेळीही तूट आली, ती त्याने लिहिली, आणि शिक्षक "आता बरोबर" म्हणाले.

बाबांनी कार्ड पुन्हा वाचायला लावले.

"तूट आली, तरी ठेवलं त्याले?"

"हो."

"अन् बरोबर म्हणले?"

"हो, बाबा."

"अजब शाळा हाये बुवा," ते म्हणाले, आणि कार्ड माझ्या हातातून घेऊन उजेडाकडे गेले.